रास-अल्-ऐनची वाट : आर्मेनियन वंशसंहार आणि रत्नागिरी जिल्ह्यातील युद्धकैदी

२९ एप्रिल १९१६ रोजी टायग्रिस नदीच्या वळणावरील कूत-अल्-अमारा या गावी जनरल टाउनशेंड याने तुर्की सेनापती खलील पाशा याच्यापुढे शरणागती पत्करली. शरण आलेल्या सैन्याचे अधिकृत नाव ‘सहावी पुणे डिव्हिजन’ असे होते. तिच्यातील १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे पुढे ‘जंगी पलटण’ म्हणून ओळखली गेलेली तुकडी, आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री या दोन पलटणींत रत्नागिरी व सातारा या जिल्ह्यांतील मराठ्यांचा भरणा मोठा होता. या शरणागतीचा इतिहास लष्करी चुकांचा इतिहास म्हणून पुष्कळ लिहिला गेला आहे. परंतु शरणागतीनंतर हे शिपाई ज्या वाटेने उत्तरेकडे हाकले गेले, ती वाट त्याच वर्षी दुसऱ्याच एका लोकसमूहाच्या संहाराची वाट होती. आणि ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात जवळजवळ अस्पर्शित राहिली आहे. खेड-चिपळूणच्या शिपायांना १९१६ च्या उन्हाळ्यात आर्मेनियन लोकांच्या सर्वनाशाचे अवशेष डोळ्यांनी पाहावे लागले, आणि त्यांतील काही ठिकाणी तर मारल्या गेलेल्यांच्या जागी कामास जुंपले जावे लागले. हे कसे घडले याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम रत्नागिरीकडील बाजू. १९०१ च्या खानेसुमारीत या जिल्ह्याची लोकसंख्या साडेअकरा लाखांहून थोडी अधिक होती. (त्या वेळच्या जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा, सावंतवाडी संस्थान वगळता, बहुतेक भाग मोडत असे, तो वेगळा झाला १ मे १९८१ रोजी.) डोंगरउताराची वरकस जमीन, तिच्यात होणारी नाचणी आणि वरी, खाडीकाठची थोडी भातशेती, आणि या सर्वांवर खोतीचा अंमल. जमिनीवर पोट भरत नाही म्हणून घरातील एक पुरुष मुंबईच्या गिरणीत आणि एक पलटणीत, ही येथील जुनी वहिवाट. १८८० च्या गॅझेटिअरनेही मुंबई इलाख्याच्या फौजेला व पोलिसांना माणसे पुरविणारा जिल्हा अशीच रत्नागिरीची नोंद केली आहे. दापोलीचा कँप निवृत्त सुभेदार-जमादारांनी भरलेला असे. महार शिपायांची भरती मात्र १८९० नंतरच्या दशकात ‘लढाऊ जाती’च्या सिद्धान्तापायी बंद पडली होती, आणि त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये दापोलीहूनच अर्ज केला होता, १११ वी महार पलटण उभी राहण्यास १९१७ साल उजाडावे लागले. तात्पर्य, सैन्यभरती ही कोकणात राजनिष्ठेपेक्षा घरखर्चाची बाब होती. ज्या युद्धात हा शिपाई गेला त्या युद्धाशी त्याचे सोयरसुतक पगार आणि पेन्शन यांपुरतेच होते. तुर्क कोण, आर्मेनियन कोण, याची वार्ता त्याच्या गावी पोहोचण्याचे कारण नव्हते.

मेसोपोटेमियातील मोहीम बसऱ्याच्या परिसरातील तेलाच्या रक्षणासाठी १९१४ च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि पुढे मोहापायी बगदादपर्यंत खेचली गेली. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफोन येथे झालेल्या लढाईत टाउनशेंडचे सैन्य अर्धमेले झाले. ते कूतला मागे हटले, आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांनी गावास वेढा दिला. तो १४७ दिवस चालला. सोडविण्यास आलेल्या सैन्याची जी हानी झाली ती आत कोंडलेल्यांच्या संख्येहूनही अधिक होती. आत शिधा दर आठवड्याला कमी होत गेला. खेचरे व घोडे मारून खाण्याची पाळी आली तेव्हा भारतीय शिपायांपैकी बहुतेकांनी, हिंदूंनी तसेच मुसलमानांनीही, ते मांस नाकारले. हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा बिनतारी संदेशाने मागविण्यात आली. तरी संकोच गेला नाही. गावी परतल्यावर जातीत काय तोंड दाखवावे, ही भीती उपासमारीहून प्रबळ ठरली. परिणामी स्कर्व्ही भारतीय तुकड्यांतच अधिक पसरली. एप्रिलच्या मध्यास अखेर नाइलाजाने पुष्कळांनी ते मांस स्वीकारले. तोवर शरीरे खचलेली होती. पुढच्या प्रवासाचा विचार करताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

शरण आलेल्यांची एकूण संख्या १३,००० च्या आसपास होती. त्यांत ब्रिटिश शिपाई सुमारे २,६००, भारतीय लढाऊ शिपाई सुमारे ७,००० आणि डोलीवाले, भिस्ती, खेचरवाले, सफाईवाले असे बिगरलढाऊ भारतीय सुमारे ३,२०० होते. अधिकाऱ्यांना वेगळे काढण्यात आले. टाउनशेंडला मर्मरा समुद्रातील एका बेटावर बंगला मिळाला आणि युद्ध संपेपर्यंत तो तेथे सुखाने राहिला, ही गोष्ट त्याच्या शिपायांनी कधी विसरली नाही आणि इतिहासकारांनीही विसरण्याचे कारण नाही. शिपायांना बगदादमार्गे सामर्राला आगगाडीने नेण्यात आले. तेथे रूळ संपत होते. सामर्रापासून तिक्रित, मोसूल, निसिबिन या मार्गाने रास-अल्-ऐनपर्यंत सुमारे ३५० मैलांचे अंतर जून-जुलैच्या उन्हात पायी चालावयाचे होते. बूट गेलेले, पोटात आमांश, पाण्याच्या पिशव्या पहारेकऱ्यांनी हिरावलेल्या. मागे पडेल तो राहिला. रास-अल्-ऐन हे बगदाद रेल्वेच्या पश्चिमेकडील भागाचे त्या वेळचे शेवटचे स्टेशन. तेथे भारतीय कैद्यांपैकी मोठ्या संख्येस निसिबिनकडे जाणारा पुढील लोहमार्ग घालण्याच्या कामास लावण्यात आले.

याच रास-अल्-ऐनला कैदी पोहोचण्याच्या काही आठवडे आधी काय घडले होते हे समजण्यासाठी थोडे मागे जाणे प्राप्त आहे.

आर्मेनियन व तुर्क यांचे वैर सनातन होते असे सांगितले जाते. ते खरे नाही. उस्मानी साम्राज्यात आर्मेनियन ख्रिस्ती हे दुय्यम दर्जाचे पण मान्यताप्राप्त प्रजाजन म्हणून शतकानुशतके राहिले. पूर्व अनातोलियात ते शेतकरी होते, शहरांत कारागीर, सावकार, वैद्य आणि व्यापारी. बिघाड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला, आणि त्याची कारणे परस्परांत गुंतलेली आहेत. रशियाने काकेशस जिंकला तेव्हा लक्षावधी सर्केशियन व चेचेन मुसलमान हाकलले गेले आणि उस्मानी मुलखात येऊन वसले. पुढे बाल्कन प्रदेश एकामागून एक स्वतंत्र झाले, तसे तेथील मुसलमान निर्वासितही आले. या घरदार गमावलेल्या लोकांना जमीन द्यावयाची तर ती कोणाची, हा प्रश्न निर्माण झाला. १८७८ च्या बर्लिन तहाच्या ६१ व्या कलमाने आर्मेनियन प्रांतांत सुधारणा करण्याचे वचन युरोपीय सत्तांनी सुलतानाकडून घेतले. वचन पाळवून घेण्याची शक्ती वा इच्छा त्यांच्यापाशी नव्हती. फलस्वरूप आर्मेनियन लोक परकीयांचे हस्तक म्हणून संशयास मात्र पात्र झाले. १८९४ ते १८९६ या काळात सुलतान अब्दुल हमीदच्या राजवटीत त्यांच्या मोठ्या कत्तली झाल्या. १९०८ च्या तरुण तुर्कांच्या क्रांतीने समान नागरिकत्वाची आशा दाखवली आणि आर्मेनियन लोकांनी तिचे रस्त्यांवर स्वागत केले. पण दुसऱ्याच वर्षी अदाना येथे सुमारे २०,००० आर्मेनियन मारले गेले. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत तुर्कांनी युरोपातील जवळजवळ सर्व प्रदेश गमावला. सत्ताधारी ‘ऐक्य व प्रगती समिती’च्या तलात, एन्वर आणि जमाल या पुढाऱ्यांपैकी काहींचे स्वतःचे जन्मप्रांतच परमुलूख होऊन गेले. जे उरले आहे ते अनातोलिया तरी निर्भेळ आपले असले पाहिजे, या भावनेचे मूळ या पराभवात आहे. म्हणूनच फेब्रुवारी १९१४ मध्ये पूर्वेकडील प्रांतांवर दोन परदेशी निरीक्षक नेमण्याचा करार रशियाच्या दडपणाखाली झाला, तेव्हा समितीस तो साम्राज्याच्या पुढील तुकड्याची नांदी वाटला.

युद्धाने संधी दिली. डिसेंबर १९१४ व जानेवारी १९१५ मध्ये सारिकामिशच्या बर्फात एन्वरचे सैन्य रशियापुढे नष्ट झाले. अपयशाचे खापर आर्मेनियन लोकांवर फुटले. फौजेतील आर्मेनियन शिपायांची हत्यारे काढून घेऊन त्यांना मजूर-तुकड्यांत टाकण्यात आले, आणि पुढे त्यांतील बहुतेक मारले गेले. २४ एप्रिल १९१५ च्या रात्री राजधानीतील अडीचशेच्या आसपास आर्मेनियन लेखक, धर्मगुरू, वकील, संपादक यांची धरपकड झाली. मेअखेर हद्दपारीचा तात्पुरता कायदा आला. त्यामागोमाग ‘सोडून गेलेल्या’ मालमत्तेविषयीचे नियम आले. हा शब्द मोठा बोलका आहे. गावोगावचे पुरुष वेगळे काढून जवळच ठार केले जात. स्त्रिया, मुले, वृद्ध यांचे तांडे दक्षिणेकडे सीरियाच्या वाळवंटात चालविले जात. वाटेत शिक्षेतून सोडविलेल्या गुन्हेगारांच्या व टोळीवाल्यांच्या हाती ते पडत, आणि या टोळ्यांची सूत्रे ‘तेश्किलात-इ-महसूसा’ नामक गुप्त संघटनेकडे असत.

तानेर अक्चाम या तुर्की इतिहासकाराने उस्मानी कागदपत्रांच्या आधारे एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली आहे. जेथे हद्दपारांना वसवावयाचे तेथे त्यांचे प्रमाण स्थानिक मुसलमान लोकसंख्येच्या पाच ते दहा टक्क्यांहून अधिक होऊ नये, असे गृहखात्याचे धोरण होते. १९१६ च्या आरंभी सीरियात पोहोचून जिवंत राहिलेल्यांची संख्या या मर्यादेपलीकडे गेली. वाळवंट, उपासमार व टायफस यांतून जे वाचले, त्यांचे वाचणे हीच शासनाच्या दृष्टीने अडचण झाली. त्या वर्षीची दुसरी कत्तल येथून सुरू होते, आणि तिचा प्रारंभ रास-अल्-ऐनच्या छावणीत झाला.

या गावाची एक विचित्र कहाणी आहे. १८६० नंतरच्या दशकात रशियाने हुसकावलेल्या चेचेन लोकांची वस्ती उस्मानी सरकारने येथे केली होती. म्हणजे गाव निर्वासितांचेच. १९१५ मध्ये लोहमार्गाच्या टोकाशी हजारो आर्मेनियन येऊन साठले. तेव्हाचा तालुका-अधिकारी यूसुफ झिया याने त्यांना सामान्यतः निभावून नेले; फेब्रुवारी १९१६ च्या सुमारास तो गेला आणि केरीम रेफी नावाचा अधिकारी आला. मार्चच्या मध्यापासून छावणीतून दररोज काही शेकडा माणसे बाहेर काढून जवळच्या नदीकाठी नेली जाऊ लागली, आणि स्थानिक चेचेनांच्या टोळ्यांकरवी ती मारली गेली. उन्हाळ्याच्या तोंडाशी छावणी रिकामी झाली. रेमों केव्होर्कियन या इतिहासकाराच्या मते येथे मारल्या गेलेल्यांची संख्या ८०,००० च्या घरात जाते. हुसकावून लावलेल्यांच्या वंशजांनी हुसकावलेल्यांचा वध करावा, यात दैवाचा उपहास शोधण्याचे कारण नाही. शासनानेच त्यांस तेथे सीमेचे राखणदार म्हणून वसवले होते, आणि ते काम शासनाने त्यांच्याकडून करून घेतले.

आणि मग जूनच्या अखेरीपासून मराठा, रजपूत, पंजाबी, बंगाली अशा कैद्यांचे तांडे निसिबिनकडून या गावी येऊ लागले.

त्यांनी वाटेत काय पाहिले याची सर्वांत मोलाची भारतीय साक्ष शिशिरप्रसाद सर्वाधिकारी या बंगाल अँब्युलन्स कोअरमधील तरुणाची आहे. कूतमध्ये पकडला जाऊन तो याच वाटेने आला, रास-अल्-ऐन व पुढे अलेप्पो येथील रुग्णालयांत त्याने काम केले. त्याने दैनंदिनीची पाने फाडून बुटांत दडविली आणि नंतर पुन्हा उतरून काढली. ‘अभि ले बगदाद’ हे त्याचे बंगाली पुस्तक सुमारे चाळीस वर्षांनी, १९५० नंतरच्या दशकात निघाले. उजाड झालेली आर्मेनियन गावे, रस्त्याकडेचे सांगाडे, वाचलेल्या स्त्रिया व पोरे यांचा सहवास, हे सारे त्यात आहे. सुटून आलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पुस्तकांतही प्रेतांनी नासलेल्या विहिरींचे उल्लेख येतात. तहानेने मरणाऱ्या कैद्याला या विहिरींचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नसेल. कोकणी शिपाई मात्र अशी साक्ष ठेवू शकला नाही. बंगाली स्वयंसेवक हा शिकलेल्या मध्यमवर्गातून आला होता. खेडचा नाईक बहुधा अंगठा करून पगार घेत असे, आणि त्याच्या आठवणी ओटीवर सांगितल्या जाऊन तेथेच विरल्या.

कैद्यांचा व आर्मेनियनांचा संबंध केवळ प्रेक्षक व बळी असा नव्हता. बगदाद रेल्वेचा अमानुस पर्वतातील बोगद्यांचा भाग अपुरा होता. तेथे जर्मन कंपनीच्या अभियंत्यांनी हद्दपार आर्मेनियनांना हजारोंनी मजुरीस ठेवून घेतले होते. काहींनी कामाच्या निकडीने, काहींनी दयेने. सैन्याला हा मार्ग हवा होता, तरीही जून १९१६ मध्ये गृहखात्याने हे मजूर काढून नेले, आणि त्यांतील पुष्कळांचा रस्त्यातच शेवट झाला. त्यांच्या मोकळ्या झालेल्या जागी कूतचे कैदी आणण्यात आले. बागचे येथील तळावर आलेल्या ब्रिटिश कैद्यांची गत इतकी वाईट झाली की थोड्याच महिन्यांत उरलेल्यांना हलवावे लागले. युद्ध चालू असताना युद्धाला आवश्यक असे कुशल मजूर शासनाने आपण होऊन मारावे, यात लष्करी तर्क शोधू जाणाऱ्यास तो सापडत नाही.

शरणागती स्वीकारणारा खलील पाशा हाही या दोन कथांना जोडणारा पुरुष आहे. तो एन्वरचा चुलता. कूतला येण्यापूर्वी १९१५ च्या वसंतात व उन्हाळ्यात तो व्हान-बित्लिस भागात सैन्य घेऊन होता, आणि तेथील आर्मेनियन वस्त्यांच्या संहारात तसेच स्वतःच्याच सैन्यातील निःशस्त्र आर्मेनियनांच्या हत्येत त्याचा हात होता. आर्मेनियन राष्ट्र समूळ नष्ट करण्याचा आपण यत्न केला, असे त्याने उत्तरायुष्यातील आठवणींत निःसंकोच नमूद केले आहे. १९३४ च्या कायद्याने तुर्कस्तानात प्रत्येकास आडनाव घेणे भाग पडले तेव्हा त्याने ‘कूत’ हे आडनाव घेतले. ज्या विजयाची त्याला आठवण हवी होती तो विजय हा. दुसरे कृत्य सांगताना त्याला लाज वाटली नाही इतकेच.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढे एक कठीण पण उपकारक प्रश्न उभा राहतो. आर्मेनियनांचे मृत्यू हे युद्धकालीन टंचाई, रोगराई आणि प्रशासनाची अव्यवस्था यांचे फळ होते, असा युक्तिवाद तुर्की शासनाने पुढे दीर्घकाळ केला. हा युक्तिवाद पारखण्यास कूतच्या कैद्यांइतके चांगले साधन क्वचितच मिळेल. रस्ता तोच, वर्ष तेच, ऊन तेच, पहारेकरी पुष्कळदा तेच. ब्रिटिश शिपायांपैकी सुमारे १,७०० बंदिवासात मेले, म्हणजे तिघांत दोन. भारतीयांपैकी मृत व बेपत्ता धरून अडीच ते तीन हजार परत आले नाहीत, म्हणजे चौघांत एक किंवा त्याहून थोडे अधिक. हे आकडे पाहता केवळ हयगयीने व क्रूर बेपर्वाईने किती माणसे मरू शकतात हे कळते, आणि म्हणून मृत्यूचे प्रमाण हाच वंशसंहाराचा पुरावा मानणाऱ्यांनी सावध झाले पाहिजे. पुरावा अन्यत्र आहे. कैदी तळावर पोहोचला की त्याला काम, थोडेबहुत अन्न आणि, नशीब असेल तर, रुग्णालय मिळे. तो जगला तर तुर्की शासनाचे काही बिघडत नव्हते. आर्मेनियन तळावर पोहोचला की त्याला तेथून पुन्हा काढून मारण्यात येई. कैद्याचे कोकणातील घर कोणी दुसऱ्याच्या नावे केले नाही. आर्मेनियनाचे घर, शेत, दुकान, देऊळ निर्वासितांना वाटून टाकण्यात आले. कैद्यांची मुले कोणी पळवून नेऊन त्यांची नावे व धर्म बदलले नाहीत. एक मृत्यू बेपर्वाईचा होता, दुसरा हेतूचा. आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने संमत केलेल्या करारात वंशसंहाराची जी व्याख्या आहे तिचा गाभा हेतू हाच आहे. राफाएल लेमकिन याने १९४४ मध्ये त्या अपराधास नाव दिले, त्यामागे आर्मेनियनांच्या उदाहरणाचे चिंतन दीर्घकाळचे होते.

संख्येविषयी इतके सांगता येते. युद्धापूर्वी उस्मानी राज्यातील आर्मेनियन १५ ते २० लाख असावेत. मृतांचे अंदाज ६ लाखांपासून १५ लाखांपर्यंत जातात. बहुतेक अभ्यासक ते १० लाखांच्या आसपास किंवा वर धरतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तलातच्या स्वतःच्या टिपणवहीत १९१४ सालचे १२,५६,००० आर्मेनियन १९१७ मध्ये २,८४,००० वर आलेले दिसतात. बेरीज-वजाबाकी गृहमंत्र्याच्या हातची आहे.

सर्वच तुर्की अधिकारी या कामी सामील नव्हते, हेही नोंदणे अवश्य आहे. प्रथम अलेप्पोचा आणि नंतर कोन्याचा राज्यपाल असलेल्या जलाल बे याने हद्दपारीस विरोध केला आणि दोन्ही जागी पद गमावले. देर-एझ्-झोरचा अली सुआद बे आर्मेनियनांना आसरा देत होता. १९१६ च्या जुलैत त्याला हलवून सालिह झेकी आणला गेला, आणि मागोमाग तेथील कत्तल झाली. या बदल्यांवरूनही हेतूचा माग लागतो.

वाचलेल्यांचे पुढे काय झाले याची कथा युद्धाहून लांब आहे. हजारो तरुण स्त्रिया व मुले अरब, कुर्द, तुर्क घरांत राहिली. कोणी दयेने ठेवलेली, कोणी विकत घेतलेली, पुष्कळांच्या चेहऱ्यावर टोळीच्या रीतीप्रमाणे गोंदण. राष्ट्रसंघाच्या वतीने डेन्मार्कच्या कारेन येप्पे या बाईंनी १९२१ पासून अलेप्पोत अशांसाठी आश्रयगृह चालविले. तेथे आलेल्या सुमारे सतराशे जणांच्या नोंदवह्या जिनीव्हात जतन आहेत. प्रत्येकी एक पान, एक छायाचित्र, बापाचे नाव आठवत असल्यास तेही. मेसोपोटेमियातच बगदादजवळ बाकुबा येथे ब्रिटिशांनी १९१८ मध्ये आर्मेनियन व असीरियन निर्वासितांची छावणी उभारली. तीत चाळीस हजारांवर माणसे होती. १९१९ मध्ये इस्तंबूलच्या लष्करी न्यायालयाने तलात, एन्वर व जमाल यांना गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला. तो अमलात आला नाही. १५ मार्च १९२१ रोजी तलात बर्लिनमध्ये सोगोमोन तेह्‌लिरियन या आर्मेनियन तरुणाच्या गोळीने मेला आणि जर्मन ज्यूरीने त्या तरुणास निर्दोष सोडले. १९२० च्या सेव्ह्र तहातील आर्मेनियाविषयीची कलमे १९२३ च्या लोझान तहात दिसतही नाहीत.

भारतात या साऱ्याचा प्रतिध्वनी फारसा का उमटला नाही? आर्मेनियन समाज येथे अपरिचित नव्हता. सुरत, मुंबई, मद्रास, कलकत्ता येथे त्यांच्या पेढ्या व प्रार्थनामंदिरे होती. मुंबईच्या कोटातील त्यांचे चर्च १७९६ चे, आणि जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक १७९४ मध्ये मद्रासलाच निघाले. कारण राजकीय होते. अत्याचारांचे वृत्तान्त ब्रिटिश सरकारच्या प्रकाशनांतून येत, आणि १९१९ च्या जालियनवाला बागेनंतर ब्रिटिशांच्या माणुसकीच्या भाषेवर विश्वास ठेवण्यास भारतीय मन राजी नव्हते. १९१९ ते १९२४ ही खिलाफत चळवळीची वर्षे. बिगरमुसलमान प्रजेस संरक्षणाची हमी द्यावी, असे चळवळीच्या मागण्यांत म्हटले जाई. पण ज्यांना हमी द्यावयाची ती प्रजा बहुतांशी उरलीच नव्हती, हे बोलून दाखविणे कोणासच सोयीचे नव्हते. साम्राज्याचा अविश्वास योग्य होता. त्या अविश्वासापायी खरी साक्षही नाकारली गेली, आणि ती साक्ष देऊ शकणारे शेकडो आपलेच लोक चिपळूण-संगमेश्वरच्या वाड्यांवर परतलेले होते.

ते परतले ते युद्ध संपल्यावर, १९१८ च्या अखेरीपासून पुढे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने आणि त्या वर्षीच्या अवर्षणाने गावे आधीच पोळलेली होती. कैदेत गेलेल्या पलटणीस विजयोत्सवात मानाचे स्थान नसते. जे आले नाहीत त्यांच्यापैकी पुष्कळांची नोंद ‘बेपत्ता’ अशी होती, आणि हा शब्द मृत्यूपेक्षा घराला जड जातो. कुंकू पुसावे की ठेवावे, दिवस करावे की वाट पाहावी, जमिनीवर नाव कोणाचे लावावे, या प्रश्नांना सरकारी कागद उत्तर देत नव्हता. रास-अल्-ऐन हे नाव घरच्यांना उच्चारताही येत नसे. ‘बसऱ्याला गेला’ एवढेच सांगितले जाई, कारण मेसोपोटेमियाची सारी मोहीम कोकणात ‘बसरा’ या एका नावाने ओळखली जात होती.

युद्धानंतर सरकारने भरतीच्या गावी संगमरवरी फलक बसविले. कोकणात व साताऱ्याकडे ते अनेक ठिकाणी चावडीत किंवा शाळेच्या भिंतीत आढळतात. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात अमुक इतके गेले, त्यांपैकी अमुक इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर; नावे नाहीत. बसरा येथील स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मरण केलेले आहे. त्यात ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली. भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची तेवढी नावे आली, आणि शिपायांची पलटणवार संख्या. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने २०२१ मध्ये आपल्या अहवालात हा भेद झाल्याचे मान्य केले. सद्दाम हुसेनच्या राजवटीत १९९७ मध्ये हे स्मारक मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात हलविण्यात आले, आणि ते अद्याप तेथेच उभे आहे.